जुन्या काचसामानाला मराठीत काय म्हणायचं? (प्रदर्शनाच्या चिठ्ठ्या लिहायच्या आहेत)

महालची_सून

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात सासऱ्यांच्या वेळेपासूनचं काचसामान पेट्यांमध्ये पडून होतं. आमच्या भागातलं वाचनालय दिवाळीनंतर जुन्या घरगुती वस्तूंचं प्रदर्शन मांडतंय, तिथे ते द्यायचं ठरलंय. अट एकच, वस्तूजवळची चिठ्ठी मराठीत हवी आणि तिच्यावर 'काचेची वस्तू, जुनी' एवढंच लिहून भागणार नाही. तसं लिहून दिलं होतं, चिठ्ठ्या परत आल्या.

सामान असं आहे. छताला टांगायची फिकट हिरवट हंडी, बुडाशी मधोमध खरखरीत वण. एक निळी शिशी, दोन्ही कडांना उभी रेघ. पैलू पाडलेली जडशीळ सुरई, तिचं बूचही काचेचंच. एक पेला, पांढरा म्हणावा तर उजेडात जांभळट दिसतो. आजेसासूबाईंची काळी पोत. बांगड्यांचे तुकडे डबाभर. आणि पारा उडालेला आरसा.

इंग्रजी पुस्तकांत प्रत्येक तऱ्हेला वेगळं नाव आहे. मी त्यांचं मराठी करायला बसले की वाचणाऱ्याला झोप येईल असे शब्द होतात. नागपुरातलं किंवा कारखान्यातलं कुणी आहे का इथे?

भट्टीवाला

ताई, उमेदीची सगळी वर्षं काचकारखान्यात गेली, तेव्हा हंडीपासून सुरू करतो. नाव नंतर. आधी वण पाहा.

फुंकनळी म्हणजे पोकळ लोखंडी नळी. तिच्या टोकाला भट्टीतला वितळलेला काचेचा गोळा घ्यायचा, लोखंडी पाट्यावर लोळवून सारखा करायचा, मग फुंकायचा. फुगा हवा तेवढा झाला की अडचण येते: तोंड अजून नळीला चिकटलेलं. तेव्हा दुसरा माणूस भरीव दांडा घेऊन येतो, टोकाला काचेचा थेंब लावून तो बुडाला चिकटवतो. मग नळीकडची बाजू पाणी लावून तडकवायची. आता वस्तू दांड्यावर आली, तोंड मोकळं झालं. ते पुन्हा तापवून कडा वळवायच्या आणि शेवटी एक टिचकी मारून दांडा सोडवायचा. तुटतो तिथे जो खरखरीत वण राहतो, तोच तुमच्या हंडीला आहे. महागड्या मालात तो घासून गुळगुळीत करत, तिथे वाटीसारखा खळगा दिसतो.

चिठ्ठीवर सरळ 'तोंडाने फुंकलेली हंडी, बुडाशी दांड्याचा वण' लिहा. सगळ्यांना कळेल.

निळ्या शिशीची रेघ साच्याच्या दोन अर्ध्यांमधली आहे. ती कुठपर्यंत जाते ते बोटाने चाचपा. मानेवर विरली असेल तर अंग साच्यात फुंकलेलं आणि तोंड हाताने केलेलं. ओठावरून पलीकडे गेली असेल तर यंत्राची बाटली. मायकेल ओवेन्सचं आपोआप बाटल्या काढणारं यंत्र १९०३ च्या सुमाराला आलं, त्यानंतर हा प्रकार वाढत गेला. एक सावधगिरी: रेघ नाही म्हणून साचा नव्हता असं धरू नका. ओल्या साच्यात शिशी गोल फिरवली की रेघ पुसली जाते, तिथे अंगावर बारीक आडव्या रेषा उमटतात.

परिभाषाप्रेमी

भट्टीवाल्यांचं वर्णन सुरेख, पण प्रदर्शनाच्या चिठ्ठीला थोडी शिस्त हवी. 'फुंकलेली' ऐवजी 'धमनित', 'साच्यात फुंकलेली' ऐवजी 'साचधमनित', काच सावकाश निववण्याला 'अनुशीतन', कापलेल्या काचेला 'कर्तित'. एक संस्कृत धातू धरला की पुढचे सगळे शब्द त्यातून निघतात. उद्या कुणाला विश्वकोशात नोंद लिहायची असेल तर 'टिचकी मारून सोडवलेला दांडा' कसा चालेल?

तर्रीपोहा

धमनित म्हणजे काय बाप्पा? मले वाटलं हार्टचा पेशंट आहे.

भट्टीवाला

हसू नका, अनुशीतन हा चांगला शब्द आहे, धातूंच्या पुस्तकात भेटतो. पण आमच्याकडे कुणी तो कधी उच्चारला नाही. माल 'लेहरमध्ये टाकला' आणि 'लेहरमधून काढला' एवढंच. लेहर म्हणजे लांब बोगद्यासारखी भट्टी, एका तोंडाने गरम माल आत, दुसऱ्या तोंडाने हाताळण्याजोगा बाहेर. साधी काच साधारण ५५० अंश सेल्सिअसच्या आसपास धरून मग हळूहळू खाली आणायची. घाई केली की वरचा थर आधी आखडतो, आतला मागे राहतो आणि ताण काचेत कोंडून बसतो. माल दिसायला उत्तम. रात्री गोदामात कुणी हात न लावता फुटतो. तो आवाज ऐकलेला माणूस लेहर विसरत नाही.

ताईंच्या चिठ्ठीत मात्र याची गरजच नाही. ज्या गोष्टीची खूण वस्तूवर दिसते, तेवढीच लिहावी.

बिलोरी

सुरईबद्दल. पैलू चाकावर कापलेत की साच्यात दाबून काढलेत, ते आधी ठरवा. कापलेल्या पैलूची धार बोटाला लागते, कोपरे टोकदार असतात आणि तिरप्या उजेडात चाकाच्या बारीक रेषा दिसतात. दाबलेल्या काचेचे कोपरे गोलसर, साबणाची वडी वापरून झिजावी तसे. वितळलेली काच साच्यात टाकून दट्ट्याने दाबायची पद्धत अमेरिकेत १८२० च्या दशकात रुळली, आणि मध्यमवर्गाच्या घरात 'कट ग्लास' दिसू लागला तो खरं तर हाच.

जड आहे म्हणताय, तर शिसेयुक्त काच असू शकते. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ मध्ये लंडनला तिचं पेटंट घेतलं. शिशाच्या ऑक्साइडमुळे काच मऊ पडते, चाकाला नीट लागते, प्रकाश जास्त वाकवते. तपासायचं असेल तर घरचा वजनकाटा आणि बादली पुरे. सुरईचं कोरडं वजन घ्या, मग दोऱ्याने बांधून पूर्ण पाण्यात बुडवून वजन घ्या, आत हवा राहू देऊ नका. कोरड्या वजनाला दोन वजनांतल्या फरकाने भागा. साध्या काचेचं उत्तर २.५ च्या आसपास येतं, २४ टक्के शिशाचं ऑक्साइड असलेल्या काचेचं ३ च्या जवळ. आणि तिच्यात काही भरून ठेवू नका, आंबट किंवा मद्य तर नाहीच. शिसं उतरतं.

'शिशाची काच' मात्र चिठ्ठीवर लिहू नका. कुणी बाटलीची काच म्हणून वाचेल, कुणी धातूची. 'शिसेयुक्त' बरं.

महालची_सून

सुरईचं वजन केलं. २.९ आणि वर थोडं. पैलूंची धार लागते. टिचकी मारली तर घंटेसारखा लांबलचक नाद आला, सासूबाई आतून 'कोण आलं' म्हणाल्या.

मग 'स्फटिकाची सुरई' लिहू का? घरात सगळे तिला स्फटिकाचीच म्हणतात.

बिलोरी

लिहू नका. स्फटिक हा जमिनीतून निघणारा खनिज, काच भट्टीतली. पूजेतलं स्फटिकाचं लिंग आणि तुमची सुरई यांचा काही संबंध नाही. गंमत अशी की काचवाल्यांना स्फटिकाचा हेवा पिढ्यान् पिढ्या वाटत आला. व्हेनिसने आगीच्या भीतीने १२९१ मध्ये सगळ्या काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या, तिथे पंधराव्या शतकाच्या मध्यावर अँजेलो बारोव्हिएरने जवळजवळ बिनरंगी काच काढली, तिचं नाव ठेवलं 'क्रिस्टालो'. आपला 'बिलोरी' शब्दही बिलौरवरून, म्हणजे स्फटिकावरूनच आला आणि काचेला चिकटला.

ओळखायचं असेल तर गोटी किंवा भरीव तुकडा एका रेघेवर धरा. स्फटिकातून, अक्ष सोडून पाहिलं की रेघ दुहेरी दिसते. काचेतून एकच. 'बिलोरी सुरई, चाकावर पैलू पाडलेली, शिसेयुक्त काच' असं लिहिलंत तर घरातल्या नावाचा मानही राहील आणि खोटंही होणार नाही.

खाणमित्र

जांभळट पेल्यावर बोलायला आलो. नागपूरकरांनी यावर गप्प बसणं म्हणजे अन्याय आहे.

वाळूत लोह असतंच. लोहामुळे काच हिरवट होते, हंडीचा रंग तोच. तो घालवायला काचवाले बॅचमध्ये, म्हणजे भट्टीत जाणाऱ्या कच्च्या मिश्रणात, मँगनीज डायऑक्साइड टाकत. दोन गोष्टी घडतात: लोहाचा निळसर-हिरवा प्रकार बदलून फिकट पिवळा होतो, आणि मँगनीजची स्वतःची जांभळी छटा उरलेल्या पिवळ्याला मारते. युरोपात याला काचवाल्यांचा साबण म्हणत. माप चुकून जास्त पडलं की काच सरळ जांभळी.

आता मजा. माप बरोबर पडून काच पांढरी झाली, तरी वर्षानुवर्षं उन्हात राहिली तर अतिनील किरणांनी मँगनीज पुन्हा रंगाच्या रूपात येतं आणि काच हळूहळू जांभळी होते. पहिल्या महायुद्धाच्या आसपासपासून मँगनीजच्या जागी सेलेनियम येत गेलं, म्हणून हा प्रकार बहुधा जुन्या काचेत दिसतो.

आणि मँगनीज कुठलं? रामटेकजवळचं मनसर, कांद्री, गुमगाव, भंडाऱ्याचं डोंगरी बुजुर्ग, पलीकडे बालाघाट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथून मँगनीज जहाजांत भरून परदेशी जायचं, बहुतेक पोलादासाठी. आजही मॉईल या मँगनीज काढणाऱ्या कंपनीचं मुख्यालय नागपुरात काटोल रोडवर आहे. डोंगरी बुजुर्गचा माल कोरड्या बॅटऱ्यांसाठी नावाजलेला. पेल्यातलं मँगनीज आपलंच, असं कुणी चिठ्ठीवर लिहू नये, ते सिद्ध करता येणार नाही. पण शेजारी मनसरच्या दगडाचा एक तुकडा ठेवला तर लोक पाच मिनिटं जास्त थांबतील.

तर्रीपोहा

मंग भाऊ, मी आजीच्या साऱ्या बाटल्या गच्चीवर ठेवू का? मे महिन्यात नागपूरच्या उन्हात जांभूळच होऊन जाईल.

खाणमित्र

ठेव, पण बाटलीत मँगनीज पाहिजे, आणि नातवंडांपर्यंत दम पाहिजे. बाजारात गडद जांभळ्या बाटल्या 'उन्हाने झालेल्या' म्हणून विकतात, त्यातल्या कित्येक यंत्रात किरणांखाली ठेवून रंगवलेल्या असतात. असला गडद रंग पाहिला की किंमत निम्मी सांग.

इतवारी_कासार

राम राम. बांगड्यांचे तुकडे आहेत म्हणतात ताई, त्यावर आमचा हक्क. आमची दुकानदारी इतवारीतली, आजोबांपासून. पहिली गोष्ट, चिठ्ठीवर 'फुटलेल्या बांगड्या' लिहू नका. आमच्याकडे बायका बांगडी 'वाढवली' म्हणतात. लिहा 'वाढवलेल्या बांगड्यांचे तुकडे', म्हातारी माणसं वाचून खुश होतील.

आता तुकडा हातात घ्या आणि जोड पाहा. फिरोजाबादेत काचेची तार फिरत्या बेलनावर गुंडाळून काढतात, एक लांब मुरड होते. ती कापली की कड्या सुटतात, पण दोन्ही टोकं वरखाली राहतात. ती सपाट करायला 'सधाई', टोकं दिव्याच्या ज्योतीवर जोडायला 'जुडाई'. ही कामं बायका-पोरं घरोघरी करत आली. तुकड्यात कुठे जराशी गाठ, जरासा फुगवटा दिसला तर तो जुडाईचा. जोड अजिबात नसेल, आणि आतून बांगडी सपाट, बाहेरून गोल असेल तर वेगळी पद्धत: काचेच्या गोळ्याला भोक पाडून सळईवर फिरवत मोठी केलेली. जुन्या उत्खननातल्या पुष्कळ बांगड्या अशा असतात.

मणीमाळ

कासारकाकांनी उत्खनन म्हटलं म्हणून: कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४५-४६ साली सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी खोदकाम केलं, काचेच्या बांगड्या तिथेही निघाल्या. हेच दीक्षित पुढे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या कौंडिण्यपूरला खोदायला आले, आणि भारतीय काचेच्या इतिहासावरचं त्यांचं पुस्तक १९६९ मध्ये मुंबई विद्यापीठाने काढलं. विदर्भातल्या माणसाला काचमण्याबद्दल काही वाचायचं असेल तर सुरुवात तिथून.

पोतीबद्दल. मणी दोन तऱ्हांनी होतात आणि भिंगाखाली ते कळतं. पोकळ काचेची नळी लांबच लांब ओढून, तिचे बारीक तुकडे करून, पुन्हा तापवून कडा बोथट केल्या की 'ओढलेला मणी'. त्यात बुडबुडे आणि रेषा भोकाच्या दिशेने, उभ्या असतात. सळईवर वितळलेल्या काचेचा धागा गुंडाळला की 'गुंडाळलेला मणी', त्यात रेषा भोकाभोवती फिरतात. ओढलेल्या बारीक मण्यांचं जुनं मोठं केंद्र पुद्दुचेरीजवळचं अरिकामेडू, तिथून ते आग्नेय आशियापर्यंत जात. ही कला आंध्रातल्या पापनायडुपेटला अगदी आपल्या काळापर्यंत चालत आली. गुंडाळलेल्या मण्यांसाठी उत्तर प्रदेशातलं पुरदिलनगर.

पण ताई, आजेसासूबाईंच्या पोतीचे मणी एकसारखे, बारीक, चकचकीत असतील तर बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक देशातल्या मालाचा, संशय घ्या. याब्लोनेट्स भागातून भारतात मणी आणि बांगड्या ढिगाने येत.

परिभाषाप्रेमी

'ओढलेला' आणि 'गुंडाळलेला' हे मला मान्य आहेत. लहान आहेत, विशेषण म्हणून चालतात, अर्थ हातातच आहे. 'धमनित' मागे घेत नाही, पण ताईंच्या चिठ्ठीवर घाला असा आग्रहही धरत नाही. एक मात्र सांगा, माहूरझरीचे मणी या प्रदर्शनात कुणी आणणार आहे का? काटोल रस्त्याला घराजवळ एवढं मोठं ठिकाण.

मणीमाळ

माहूरझरी ओळखलं जातं ते दगडी मण्यांसाठी, अकीक, कार्नेलियन वगैरे. ते काचेच्या कपाटात मांडू नका, लोक लगेच 'काचमणी' म्हणू लागतील. आणि तिथल्या शेतात वेचलेले मणी कुणी घरून आणून दिले तर वाचनालयाने घेऊ नयेत. ते पुरातत्त्व खात्याला कळवायचं काम. पाहायचंच असेल तर अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या सरकारी संग्रहालयात, जावं.

महालची_सून

पोत भिंगाखाली पाहिली. रेषा उभ्या. मधल्या काही मण्यांत मात्र गोल. बहुधा कधीतरी गाठवताना नवे घातले.

रंगाबद्दल एक राहिलं. पेटीत एक अत्तरदाणी निघाली, पांढऱ्या काचेवर लाल-हिरव्या वेली. 'रंगीत काच' लिहावं का?

बिलोरी

रंगीत काच म्हणजे रंग काचेतच वितळलेला: कोबाल्टने निळी, तांब्याने किंवा सोन्याने लाल. तुमच्या वेली वरून काढून भाजल्यात, तर तो मीना. नखाने हलकेच चाचपा, उंचवटा लागतो. 'मीनाकाम केलेली अत्तरदाणी'. वेल नखाला सुटून येत असेल तर ती न भाजता नुसती रंगवलेली आहे, मग ओल्या फडक्यानेही पुसू नका.

आरशाचंही सांगून ठेवते. मागचा थर करडा, दाणेदार, जागोजाग विरलेला असेल तर तो कथील आणि पाऱ्याचा. लीबिगने १८३५ मध्ये काचेवर चांदी बसवायची रीत काढली आणि पुढे पारा मागे पडला. पाऱ्याचा आरसा खरवडू नका, उन्हात ठेवू नका, पाठीमागे गळालेले थेंब दिसले तर हात लावू नका.

तर्रीपोहा

कंदिलाची काच कोणी नाही बोललं? आमच्या गावी प्रभाकर कंदील होता, कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा.

भट्टीवाला

तो तर घ्यायलाच हवा. चार-चार आणे नव्हे, एकेक पैसा गोळा करून तळेगावला १९०८ मध्ये पैसाफंडाचा काचकारखाना उभा राहिला, आणि ओगल्यांनी पुढे कंदील घरोघरी पोचवला. तुझी काच कुठे शाबूत असेल तर तिच्या बुडाशी कोरलेलं नाव पाहा आणि ताईंना फोटो पाठव.

महालची_सून

सगळ्यांचे आभार. चिठ्ठ्या लिहून झाल्या, वाचनालयाने मान्यही केल्या. पण काल हंडी पुसली आणि आज पुन्हा अंगावर चिकट दव. पुसलं की जातं, सकाळी परत. कपाट कूलरच्या खोलीत आहे, त्याने असेल का?

भट्टीवाला

कूलरने नुसतं दमट होतं. पण पुसूनही चिकट परत येतंय म्हणजे काच 'रडते' आहे. बॅचमध्ये खार जास्त आणि चुना कमी पडला असेल तर हवेतल्या ओलाव्याने तो खार पृष्ठभागावर येतो. दमट राहिली तर रडत राहील, एकदम कोरडी केली तर बारीक भेगांचं जाळं पडेल. म्हणून कूलरच्या झोतातून आजच हलवा, पण गॅलरीत उन्हात नेऊ नका. कपाटात आर्द्रता मोजायचा छोटा मापक ठेवा आणि वर्षभर ४० ते ४५ टक्क्यांच्या मध्ये धरायचा प्रयत्न करा. सिलिका जेलच्या पुड्या लागतील, पावसाळ्यात बदलत राहा. दव मऊ सुती फडका डिस्टिल्ड पाण्यात ओलावून पुसा आणि लगेच कोरडं करा. व्हिनेगर नाही, साबण नाही, गरम पाणी तर नाहीच.

आणि प्रदर्शनात तिला टांगू नका. बसकी ठेवा, खाली नमदा घाला. आतमध्ये दिवा लावायचा हट्ट कुणी धरला तर माझं नाव सांगा.